आम्ही नाही का गेलो चालत?

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा एकदा 'आमची पिढी किती भाग्यवान' छापाचा निरोप आला. तुम्हालाही आला असेलच. अनवाणी शाळेत जाणारी, नदीत डुंबणारी, पाटीवर लिहिणारी, मास्तरांचा मार खाऊन घरी अवाक्षर न काढणारी आमची पिढी. आणि तिच्यापुढे आजची मुलं, मोबाइलात तोंड खुपसलेली आणि पावसाचे चार थेंब पडले की शिंकणारी. खाली तासाभरात अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग लागली. वाचून मीही हसले, कारण त्यातलं बरंचसं खरं आहे. पण मास्तरीण पडले ना मी, हजेरी घ्यायची सवय जात नाही. अंगठे कोणाकोणाचे ते बघितलं. सगळे दादा, काका, भाऊजी. माझ्या वयाच्या एकाही बाईचा अंगठा नव्हता.

थोरल्या वहिनीला फोन करून विचारलं, "काय गं, तुला नाही का वाटत ते दिवस परत यावेत असं?" ती म्हणाली, "तुमच्या दादांना वाटतात ना, जाऊ देत. जाताना हंडा-कळशी तेवढी घेऊन जा म्हणावं."

तर मंडळी, आज याच विषयावर जरा सविस्तर लिहायचं आहे. जुन्या आठवणींविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. या वयात दुसरं आहे काय आमच्यापाशी? पण आठवणीतून एक वाक्य हळूच बाहेर पडतं, "आम्ही नाही का गेलो चालत?" त्या वाक्याबद्दल मला बोलायचं आहे.

आधी माझ्या आठवणी सांगते, म्हणजे मी कुठल्या बाजूची ते कळेल. माझा जन्म १९५१ चा, पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीतला. तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा, रायगड हे नाव १९८१ साली आलं. एका बाजूला सह्याद्रीची भिंत, खाली सावित्री, आणि मध्ये उतारावर आमची पंधरा-वीस घरं. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, पावसाळ्यात सुकट. लावणीच्या दिवसांत आज यांच्या शेतावर तर उद्या त्यांच्या, अशी सगळी वाडी मिळून जायची. डोक्यावर इरलं, पायात चिखल आणि तोंडात गाणी. शिमग्याला पालखी नाचायची. गौरी-गणपतीला मुंबईचे चाकरमानी आले की आठ दिवस घराघरात उजेड. एरवी रॉकेलची चिमणी आणि फार तर एक कंदील. वाडीत वीज आली तेव्हा मी कॉलेजात होते. तोवर आकाशात जितके तारे दिसायचे तितके पुढे कधी दिसले नाहीत.

हे सगळं मलाही हवंहवंसं वाटतं. खोटं कशाला बोलू?

आता एक गंमत सांगते. माझा भाचा गेली वीस वर्षं इंग्लंडात आहे. त्याच्या शेजारी एक आजीबाई राहतात, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. त्यांचं बालपण दुसऱ्या महायुद्धानंतरचं. चहाला बोलावलं की त्या जुनं काढून बसतात, असं भाचा सांगतो. संडास परसात होता, चुलीपुढे पत्र्याच्या टबात आठवड्यातून एकदा आंघोळ, थोरल्या भावंडांचे कपडे धाकट्यांना, रस्त्यावर दिवसभर खेळ, शाळेत पायी जाणं. आणि शेवटी ठरलेलं वाक्य : आमच्याकडे काही नव्हतं, पण आम्ही सुखी होतो!

मला फार नवल वाटलं. ज्यांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं त्यांच्याही घरी तीच यादी, फक्त तपशील वेगळा. त्यांच्याकडे रेशनिंग युद्ध संपल्यावरही चालूच होतं, ते पूर्ण उठलं १९५४ च्या जुलैत. गोळ्या-चॉकलेटंसुद्धा १९५३ पर्यंत कूपनावर मिळायची. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर कोळशाच्या धुराचं असं दाट धुकं पसरलं की त्यात हजारो माणसं दगावली. तरी आजीबाईंना त्या काळात जावंसं वाटतं. यावरून मला तर एवढंच कळलं की गोड काळ नसतो, गोड असतं ते बालपण. दहा वर्षांच्या मुलाला घरखर्च दिसत नाही. आई कधी जेवते तेही दिसत नाही. भाकरी पुढ्यात येते, कुठून येते हा प्रश्न त्याचा नसतो.

म्हणून आता माझ्या त्याच आठवणीची दुसरी बाजू लिहिते. जमाखर्चात जमेची पाने तेवढी वाचून कोणी हिशेब मिटवत नाही.

आमच्या वाडीत शाळा चौथीपर्यंत. पुढे पोलादपूरला जायचं, पाच-सहा किलोमीटर पायी. वाटेत दोन ओढे, त्यातल्या एकावर लाकडाचा साकव. दुसऱ्याला पूर आला की मुलं अलीकडच्या काठावरून घरी परत. आम्ही वाडीतली सातजण जायचो आणि आज त्याचा अभिमानाने उल्लेख होतो. पण त्या वर्षी चौथी पास झाली होती तेरा मुलं. उरलेली सहा कुठे गेली? त्यांचा निरोप कोण फिरवणार?

आमच्याच घरचं सांगते. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो. चौथीत ती वर्गात पहिली होती. मास्तर घरी सांगायला आले, पोर हुशार आहे, पुढे पाठवा. आईने त्यांना गूळ-पाणी दिलं आणि म्हणाली, "मास्तर, हिला पाठवलं तर पाणी कोण आणील?" वैशाखात झरा आटला की एका हंड्याला तास लागायचा. खाली उतरायचं, वाटीवाटीने हंडा भरायचा, वर चढायचं. धाकटी आम्ही तीन. आक्का घरी राहिली. तीन वर्षांनी माझी चौथी झाली तेव्हा पाणी आणायला आक्का होती, म्हणून मला जाता आलं. मी चालत गेले हे खरं. पण आक्का घरी राहिली म्हणून मी चालत गेले, हेही तितकंच खरं. आज ती ऐंशीच्या घरात आहे. सही करते, एसटीची पाटी अक्षरं जुळवत वाचते. माझं लिहिलेलं तिला तिची नात वाचून दाखवते.

दुसरं. आई मुलं मोजताना नेहमी पाच म्हणायची, आणि आम्ही तर चारच. माझा पाठचा भाऊ दीड वर्षाचा असताना हगवणीने गेला. आषाढ होता, ओढे भरलेले, डोलीत घालून न्यायलाही वाट नव्हती. मीठ-साखरेचं पाणी पाजत राहिलं तर मूल वाचतं हे तेव्हा वाडीत कोणाला माहीत नव्हतं. 'आम्ही मातीत खेळलो, ओढ्याचं पाणी प्यायलो, आम्हाला काही झालं नाही' असं आपण म्हणतो तेव्हा ते बरोबरच असतं. ज्यांना झालं ते सांगायला उरले नाहीत. १९५१ च्या सुमारास आपल्या देशात सरासरी आयुर्मान होतं ३२ वर्षं. आता ते सत्तरच्या आसपास आहे. १९५१ च्या जनगणनेत शंभरातल्या जेमतेम नऊ बायकांना लिहिता-वाचता येत होतं, २०११ मध्ये सुमारे पासष्ट बायकांना. आक्का त्या नऊत धरायची की नाही, मला ठरवता येत नाही.

तिसरं, 'एकत्र कुटुंब, भरलेलं घर'. घर भरलेलं होतं खरं, पण बायका, मुलं आणि म्हातारे यांनी. आमचे बाबा परळला गिरणीत होते. दहा-बारा जणांत एक खोली, जेवायला खानावळ, वर्षातून दोनदा घरी. महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर यायची आणि तिच्या तळाच्या एवढ्याशा चौकोनात दोन ओळी. मी बाबांना ओळखलं ते त्या दोन ओळींतून. पुढे १९८२ च्या संपात गिरणगावच मोडलं, तोवर ते घरी परतले होते. मग आईची आणि त्यांची एकमेकांशी नीट ओळख झाली, असं ती हसत म्हणायची.

आणि चौथं. 'अख्खा गाव म्हणजे एक कुटुंब.' हे वाक्य निदान महाडच्या आसपास राहणाऱ्याने तरी जपून वापरावं. ज्या चवदार तळ्याचं पाणी गुराढोरांना खुलं होतं, ते माणसांना मिळावं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ ला हजारो माणसांसह तिथे जावं लागलं. पुढे तळं 'शुद्ध' करून घेण्यात आलं, आणि कोर्टकचेऱ्या होऊन हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. त्यानंतर वीसेक वर्षांनी, अस्पृश्यतेविरुद्धचा १९५५ चा कायदा होऊनही, आमच्या बाजूच्या एका विहिरीवर काही बायका रिकामे हंडे घेऊन लांब उभ्या असायच्या. कोणीतरी वरून ओतेपर्यंत थांबायच्या. मी लहान होते, पण ते चित्र डोळ्यांपुढून गेलेलं नाही. त्या बायकांच्या नातवंडांना विचारा, गाव कोणाचं कुटुंब होतं ते.

आता कोणी म्हणेल, मास्तरीणबाई, सगळंच वाईट होतं तर मग चांगलं काय होतं?

चांगलं होतं, आणि फार मोठं होतं. पण आपण ते चुकीच्या जागी शोधतो. आपण गरिबीचं कौतुक करतो. कौतुक त्या काळाचं करायला हवं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. त्या काळात कोणीतरी आमच्या वाडीपर्यंत चालत येत होतं. घाटमाथ्यावरचे एक मास्तर चौथीपर्यंतच्या चारही इयत्ता एका खोलीत शिकवायला आले आणि आमच्या पडवीत राहिले. देवीची लस टोचणारा माणूस डोंगर चढून आला. त्याचा वण अजून माझ्या दंडावर आहे, आणि १९७५ नंतर या देशात देवीचा रोगी झाला नाही. पोस्टमन पावसात मनीऑर्डर घेऊन आला. एसटी १९४८ साली पुणे-अहमदनगर अशी सुरू झाली आणि बघता बघता आमच्या फाट्यावर थांबू लागली. ई.बी.सी. सवलतीने माझी फी माफ झाली. महाडला आत्याकडे राहून मी मॅट्रिक झाले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालयात मराठी घेऊन बी.ए. झाले. ज्या गावात पाण्याला हात लावायला लढावं लागलं, त्या गावात त्यांच्याच नावाच्या कॉलेजात मला, एका वाडीतल्या मुलीला, बाकावर जागा मिळाली.

इंग्लंडातल्या त्या आजीबाईही शेवटी हेच सांगतात म्हणे. युद्धाने देश कफल्लक झाला होता, तरी १९४८ च्या जुलैत सर्वांसाठी मोफत दवाखाने सुरू झाले, शाळेत रोज बाटलीभर दूध मिळू लागलं. 'आम्हाला कोणीतरी मोजलं,' असं त्या म्हणतात. भाच्याने हे सांगितलं तेव्हा मला आमचे पडवीतले मास्तर आठवले. त्यांनी आक्काला मोजलं होतं. आईपाशी पाणी नव्हतं, एवढंच.

म्हणजे आम्ही चालत गेलो म्हणून घडलो, असं नाही. वाटेच्या टोकाला शाळा उघडी होती म्हणून घडलो.

आता मुद्द्यावर येते. आज आमच्या तालुक्यातल्या वाड्यांतून फिरा. दर दोन घरांआड एक कुलूप. तरणी माणसं विरार, नालासोपारा, दिवा, बदलापूरला. जी चार-दोन कुटुंबं मागे राहिली त्यांची मुलं वाडीच्या शाळेत. पट कुठे सहा, कुठे नऊ. अशा कमी पटाच्या शाळा बंद करून मुलं मोठ्या शाळेत न्यावीत ही चर्चा गेली काही वर्षं राज्यभर चालू आहे. तिला दुसरी बाजूही आहे, तीही मला ठाऊक आहे. सहा मुलांत ना कबड्डी होते ना स्नेहसंमेलन, आणि एकटा शिक्षक कागद भरता भरता थकून जातो. नेण्या-आणण्याची गाडी रोज येणार असेल, पावसाळ्यातही येणार असेल, तर त्यावर जरूर बोलू.

पण अशा एका बैठकीत माझ्याच वयाचे एक गृहस्थ उठून म्हणाले, "चार किलोमीटर म्हणजे काय मोठं? आम्ही नाही का गेलो चालत?" सगळे हसले, माना डोलल्या, आणि गाडीचा विषय तिथेच संपला.

मी उभी राहून एवढंच विचारलं, "तुमच्याबरोबर तुमच्या बहिणी आल्या होत्या का चालत?"

कोणी काही बोललं नाही. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पाचवीपर्यंतच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा, आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत, असं त्याच्या नियमांत आहे. हे अंतर कोणी लाडाने ठरवलेलं नाही. अंतर वाढलं की आधी गळते ती मुलगी, मग अपंग मूल, मग ज्याच्या घरी कोणी आजारी आहे ते मूल. मी नोकरीत बत्तीस वर्षं हजेरी घेतली आहे, हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही.

याच वाक्याचं एक भावंड आहे, 'आजवर काही झालं नाही'. सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल आठवतो ना? त्याच्याकडे बोट दाखवून आपण मुलांना सांगायचो, बघा, कसं जुनं बांधकाम! २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात वाहून गेला, दोन एसटी गाड्या आणि आणखी वाहनं घेऊन. पुढे १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला. म्हणजे मनावर घेतलं तर होतं. डोंगराखाली 'पिढ्यान्‌पिढ्या राहतोय' असं म्हणत असतानाच २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथे दरडी आल्या. २२ जुलै २०२१ ला तळिये गेलं, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी. 'आम्ही राहिलो ना' याने पुढच्याचं घर सुरक्षित होत नाही.

उलट, म्हाताऱ्यांच्या आठवणीचा इथेच खरा उपयोग आहे. ओढा पूर्वी कुठून वाहायचा, कुठली वाट पावसात बंद व्हायची, कुठला झरा वैशाखातही आटत नव्हता, कुठल्या उताराला पूर्वी भेग पडली होती, हे आमच्या डोक्यात आहे आणि दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही. ग्रामसभेत उठून हे सांगितलं तर आठवण कामाची. उसासे टाकायला वापरली तर ती करमणूक. करमणुकीलाही माझी ना नाही, पण तिच्या जोरावर दुसऱ्याच्या लेकरांची गाडी बंद करू नये.

तसंच घरातल्या सुनांचं. 'आमच्या आया पहाटे उठून जात्यावर दळायच्या, तुम्हाला मिक्सर लावायचा कंटाळा' हे किती सहज बोललं जातं! माझी आई अठ्ठावन्नाव्या वर्षी गेली. तिचे गुडघे पंचेचाळिशीतच गेले होते. तिला मिक्सर मिळाला असता तर तिने तो लावला असता, आणि वाचलेल्या वेळात जरा आडवी झाली असती. तिच्या कष्टांचा मान ठेवायचा तर ते कष्ट सुनेच्या अंगावर फेकायचे नसतात.

नातवंडांना गोष्टी जरूर सांगा. इरलं, साकव, शिमग्याची पालखी, ताऱ्यांनी भरलेलं आकाश, सगळं सांगा. त्यांना ते आवडतं, मी बघितलंय. पण गोष्ट पुरी सांगा. शाळेच्या वाटेवर कोण होतं ते सांगितलंत की कोण नव्हतं तेही सांगा. मुलं हुशार असतात. अर्धी गोष्ट ऐकली की त्यांना वाटतं आजोबा फुशारकी मारतायत. पुरी ऐकली की ती प्रश्न विचारू लागतात. माझ्या नातीने आक्काची गोष्ट ऐकून विचारलं, "मग पाइप का नाही टाकला वाडीत?" साठ वर्षांत आमच्यापैकी कोणी आईला हा प्रश्न विचारला नव्हता.

असो. लांबलं जरा. माझ्या भाच्या-पुतण्यांना आणि इथे नेहमी येणाऱ्या सगळ्यांना एक काम सांगते. तुमच्याही घरात एखादी आक्का असेल. चौथीत शाळा सुटलेली, फोटोत कडेला उभी असलेली, ग्रुपवर कधी काही न टाकणारी. या दिवाळीला तिच्याजवळ बसा. तिच्या वाट्याला कुठली वाट आली नाही ते विचारा, आणि तिच्याच शब्दांत लिहून काढा. जमलं तर मला पाठवा. लवकर करा मात्र, आमच्या पिढीपाशी वेळ थोडा आहे.